न बसवलेल्या फरशीची उपकारस्तुती

तुला जाऊन आज दहा दिवस झाले, अक्का. आपल्यात दहावं-बारावं काही नसतं, तरी मी दिवस मोजतोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, विल्याला मोजायला काहीतरी लागतंच, कापडाचे ताके नसतील तर दिवस.

आज शुक्रवार. गावातले सगळे माग बंद, आपलाही बंद. तरी सकाळपासून चार वेळा मागच्या खोलीत जाऊन त्याच्याकडे बघून आलो. बंद मागाला काय होणार? काही झालेलं नसतं. मग समोरच्या खोलीत येतो, खड्डे चुकवत खिडकीपर्यंत जातो आणि इथे कशाला आलो होतो ते आठवत उभा राहतो. करुणा म्हणते, जरा एका जागी बसा हो. बसतो. चहा समोर येतो, मी उठतो, आणि चहा शेवटी मोरीत जातो. म्हणून म्हटलं, लिहायला बसावं. लिहिताना माणसाला उठता येत नाही म्हणतात. एवढ्यात दोनदा उठलो.

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, किती वर्षं घरोघर फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवलंस, हे पाळकसाहेबांनी कबरस्तानात नीट सांगितलं. मी ते पुन्हा लिहीत नाही. त्यांनी "शांत आणि सोशिक स्वभावाच्या आपल्या शांताबाई" असं म्हटलं तेव्हा करुणाने पदराआडून माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. अक्का, तुझ्या दफनाच्या वेळी आम्ही नवराबायको हसू दाबत होतो. हे तुलाच सांगतोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

तू भिवंडीत आलीस ती आमच्या एस्तेरच्या जन्माच्या वेळी, दोन महिन्यांसाठी, आणि राहिलीस ती कायमची. ती पोरगी आता सहावीत आहे. कोन गावच्या रस्त्याला एसटीतून उतरलीस आणि पहिला प्रश्न विचारलास, हा आवाज कसला. मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, मागांचा. बंद कधी होतो? शुक्रवारी. तू पिशवी खाली ठेवलीस आणि विचारलंस, "आणि रविवारी?"

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

मी तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त करायचं काम. इथली सुट्टी शुक्रवारची, कारागीर नमाजाला जातात. रविवारी ड्युटी. चर्च जवळचं म्हणजे कल्याणला. मी नाताळ आणि ईस्टर असे दोनदा जाऊन यायचो आणि देवाशी आपलं बरं चाललंय असं समजायचो. तू महिन्याभरात समोरच्या खोलीत, तुझं अंथरूण होतं तिथेच, चटया अंथरल्यास. रविवारी सकाळी नऊला उपासना. आपण, गल्लीतला एसटी ड्रायव्हर सालोमन आणि त्याची बायको-मुलं, आणि राहनाळची हिराबाय. हिराबाय काही ख्रिस्ती नव्हे, तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. भाजीची पाटी रिकामी झाली की गाणी ऐकायला टेकायची. आता तिला गाणी आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

मी एकदा तुला समजूतदार माणसाच्या थाटात सुचवलं की आपण उपासना शुक्रवारीच ठेवू या. गाव शांत असतं, मला सुट्टी असते, तुझा आवाज सगळ्यांना ऐकू येईल. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "प्रभू शुक्रवारी मेला, विल्या. उठला रविवारी. तुला कोणता दिवस सोयीचा?"

मी जेवून ड्युटीवर गेलो. इतकी वर्षं झाली, उत्तर सुचलेलं नाही. आता सुचलं तरी ऐकायला तू नाहीस, म्हणजे तीही बाजी तूच मारलीस.

चार वर्षांपूर्वी मी स्वतःचा माग घेतला, जुना, आणि मागच्या खोलीत बसवला. तू एकच अट घातलीस, उपासनेचा तासभर माग बंद. मी हो म्हटलं. आता, चालता माग थांबवून पुन्हा सुरू केला की कापडात एक बारीक आडवी रेघ पडते, हे मला माहीत होतं. पण तुला नाही म्हणायची माझी हिंमत कुठे होती. माल उचलणारा शेठ ताका उजेडात धरायचा आणि विचारायचा, काय विल्यम, तुझ्या मागाला रविवारी डुलकी लागते का? मी घरी येऊन तुझ्यावर तणतणलो. म्हणालो, तुझी प्रार्थना कापडात दिसते.

तू एवढी खूश झालीस की बोललो याचा मला पश्चात्ताप झाला. आठवडाभर आल्यागेल्याला तेच सांगत होतीस. शेवटी आपल्या कारागिराने, नसीबभाईने, चाक हाताने जरा मागे फिरवून रेघ बुजवायची युक्ती काढली, तर त्यालाही विचारलंस, कशाला बुजवतोस बाबा, राहू दे की.

पण खरं सांगू? माग मागच्या खोलीत थांबायचा, माझ्या डोक्यात कधीच नाही. तू डोळे मिटून आजारी, प्रवासी, सरकार, शेजारीपाजारी अशी लांबलचक प्रार्थना करायचीस आणि मी एक डोळा किलकिला करून खिडकीतून बघायचो, सुताची गाडी आली का. ट्रान्झिस्टर घेतला त्या हिवाळ्यात तर कळस झाला. मॅच होती. मी तो उशीखाली अगदी बारीक आवाजात ठेवला, आणि तुझ्या प्रार्थनेच्या मधोमध कुणाची तरी विकेट पडली. सालोमन "आमेन" म्हणाला. तू प्रार्थना शेवटपर्यंत नेलीस, मग उशी उचललीस आणि स्कोअर विचारलास.

मला राग यायचा तो याचाच. तू ओरडली असतीस तर मीही ओरडलो असतो आणि विषय संपला असता. त्या दिवशी दुपारी मीच शेवटी म्हणालो की माझं मन प्रार्थनेत राहत नाही, मी त्यातला माणूसच नाही. तू म्हणालीस, "तुला काय वाटतं, माझं राहतं? मी डोळे मिटले की मला दोरीवरचे कपडे दिसतात, पाऊस येईल का ते दिसतं. शेळी पळाली तर तिच्यावर ओरडून ती येते का? जायचं आणि आणायचं परत. पुन्हा पळाली, पुन्हा आणायचं."

मी म्हणालो, दिवसभर शेळीच आणत बसलं तर प्रार्थना कधी करायची. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच ती शेळी.

मग ती वीजकपात आली. वीज गेली की गावातला खडखडाट एकदम बंद, कारागीर पायऱ्यांवर बिड्या ओढत बसायचे, आणि माझा जीव टांगणीला. तू मात्र लगबगीने यायचीस, चला, एक गाणं म्हणू. मी बसायचो, दुसरं करणार काय? एकदा म्हणालीस, वीज गेली की तुझं ध्यान जागेवर येतं. त्यानंतर ओळीने चार रविवार वीज नवाच्या ठोक्याला गेली. मला संशय आला. मी सरळ विचारलं, "अक्का, तू वीज जावी म्हणून प्रार्थना करतेस का?"

तू कांदा चिरत होतीस. डोळे पुसून म्हणालीस, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करते. काय द्यायचं, काय न्यायचं, ते तो बघतो."

हे उत्तर नाही, मी म्हणालो. तू म्हणालीस, नाही ना. आणि पुढचा कांदा घेतलास.

आता खड्ड्यांचं. एवढं सगळं मी लिहीत सुटलोय ते तिथपर्यंत पोचायला नको म्हणून, हे तू ओळखलं असशील.

तुझे पाय सुजले आणि ठाण्याच्या दवाखान्यात तुला ठेवलं, त्या दिवसांत मी एक काम केलं. पूर्णा गावातला एक जण जुने माग विकतो. त्याच्याकडे दोन चांगले माग येणार होते. मी त्याला म्हणालो, माझ्यासाठी ठेव, समोरची खोली रिकामी होतेय. असं म्हणालो, अक्का. तू जिवंत होतीस. दुपारी मी तुला मोसंबी सोलून देत होतो आणि संध्याकाळी मनातल्या मनात तुझ्या खोलीत माग बसवत होतो. पुढचं सगळं मी उरकून टाकलं होतं.

मागाच्या पायांना जमीन पक्की लागते. दोन मागांचे आठ पाय. मी गवंडी बोलावून समोरच्या खोलीत आठ खड्डे खणून घेतले. करुणा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, बायकांना धंद्यातलं कळत नाही.

आणि तू परत आलीस. टांग्यातून उतरलीस, माझ्या खांद्याला धरून दारात उभी राहिलीस आणि खोलीभर बघितलंस.

"विल्या, इथे काय आंब्याची कलमं लावणार आहेस?"

"फरशी बसवायचीय," मी म्हणालो. "शहाबादी."

का म्हणालो, देव जाणे. फरशीसाठी आठ खड्डे कोणी खणत नाही, हे गवंड्याच्या गाढवालाही कळलं असतं. तू नुसती मान डोलावलीस. त्या रविवारी उशीला टेकून उपासना घेतलीस आणि उपकारस्तुतीत म्हणालीस, प्रभू, माझ्या भावाच्या मनात या खोलीला फरशी बसवायची इच्छा घातलीस, तुझे उपकार. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. सालोमन मला विचारू लागला, फरशी घासलेली घेणार की बिनघासलेली. मी म्हणायचो, चौकशी चालू आहे. तिकडून माग विकणाऱ्याचे निरोप येत होते. दोघांनाही मी पुढच्या आठवड्याचा वायदा देत होतो.

तुला सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. एका संध्याकाळी तुझे पाय चोळत बसलो होतो, तोंड उघडलं, तेवढ्यात तूच म्हणालीस, "रविवारची उपासना आता तू घे."

"मला कुठे जमते?"

"मला तरी कुठे जमत होती? घे तू."

"बघू," मी म्हणालो.

त्यानंतरच्या मंगळवारी पहाटे तू गेलीस. मधल्या दिवसांत आपण आणखी काहीबाही बोललोच असू, पाणी हवं का, खिडकी लावू का. पण मला ऐकू येतं ते ते "बघू". शेठला म्हणतो तसं म्हणालो होतो. टाळायचं असतं तेव्हा म्हणतात तसं.

रविवार आला. मी सालोमनला सांगणार होतो की आता उपासना नको, कल्याणला जात जाऊ. सांगायला धीर झाला नाही, आणि नऊ वाजता सगळे आले. खड्ड्यांच्या मधून वाट काढत चटया घातल्या. तुझी उशी करुणाने भिंतीशी ठेवली. मी ती उचलून आत ठेवली. तिने परत आणून ठेवली. मग सगळे माझ्याकडे बघत बसले.

मागच्या खोलीत माग चालू होता. हेही सांगून टाकतो. नसीबभाईला मी सकाळीच बजावलं होतं, आज बंद करू नको, माल द्यायचाय. पहिलाच रविवार, अक्का. अट घालणारं माणूस गेलं म्हणजे अट गेली, असा माझा हिशेब.

एक गाणं झालं, तेही हिराबायने ओढून नेलं म्हणून. मग मी डोळे मिटले. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, सरकारसाठी. तुझ्याच यादीवरून चाललो होतो. यादी संपली. आता स्वतःचं काहीतरी म्हणणं भाग होतं. मी म्हणालो, हे प्रभू, आमचं मन... आणि तेवढ्यात मागच्या खोलीतला माग थांबला.

मी उठलो. विचार करून नाही उठलो. धागा तुटला असेल, धोटा अडकला असेल. जॉबरचं अंग आहे, ते आधी उठतं. खड्डा ओलांडून मागे गेलो. धागा शाबूत, धोटा जागेवर. नसीबभाई खोक्यावर मांडीत हात ठेवून बसलेला.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं. आपा का टाइम है."

"मैंने बोला था ना, चालू रखना."

"बोला था," तो म्हणाला. "चार साल से इस टाइम पे बैठता हूँ, विल्यमभाई. हाथ ने बंद कर दिया." मग त्याने मानेनेच समोरच्या खोलीकडे खूण केली. "जाओ. लोग बैठे हैं."

परत आलो तर सगळे तसेच बसलेले, डोळे मिटून. सालोमनचा धाकटासुद्धा. कुणी हललं नव्हतं. मी माझ्या जागी बसलो आणि मला काही केल्या आठवेना, कुठे होतो. अख्ख्या गल्लीचे माग खडखडत होते, फक्त आपला गप्प होता, आणि मी आठवत होतो. शेवटी हिराबाय डोळे न उघडता म्हणाली, "मनावर आला व्हतास."

पुढे मी काय म्हणालो ते धड आठवत नाही. फार नव्हतं. मन इथे नाही, तूच ते आण, असं काहीतरी. आमेन म्हणायचं मी विसरलो, ते सालोमनने म्हटलं.

आणि मग, लोक चटया गुंडाळायला उठायच्या आत, मी सांगून टाकलं. फरशी येणार नव्हती, माग येणार होते. सालोमन आपल्या चपलांकडे बघत राहिला. करुणाने उशी उचलून छातीशी धरली. हिराबाय पाटी डोक्यावर घेत होती, ती शांतपणे म्हणाली, "ठावं हाय. अक्कानंच सांगला व्हता. मी बोलली तिला, मंग नसल्या फरशीचं उपकार कशाला मानतं? तं बोलली, आयकू दे त्याला. आयकून आयकून लाजंल कदी तरी."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

खोटं कशाला बोलू, मला संताप आला. तीन रविवार तू माझंच खोटं देवासमोर मला ऐकवत होतीस आणि मी त्याला आमेन म्हणत होतो. मंगळवारपर्यंत मी तुझ्यावर रागावलेला होतो. गेलेल्या माणसावर रागावण्यात एक मोठी अडचण असते, रुसून ताटावरून उठलं तरी विचारायला कुणी येत नाही. करुणाने ताट झाकून ठेवलं आणि झोपून गेली.

बुधवारी दुपारी भाकरी मोडताना एकदम ध्यानात आलं. तू माझं खोटं उघडं पाडलं नाहीस. चारचौघांत तर नाहीच, एकट्याला गाठूनही नाही. ते खरं व्हायची वाट बघत बसलीस, सुजलेले पाय उशीवर ठेवून. ती थट्टा होती की माझ्यावरचा विश्वास, हे विचारायचं राहिलं. तुझ्यात या दोन गोष्टी कुणाला वेगळ्या करता आल्या असत्या असं मला वाटत नाही. माझ्यासाठी इतका वेळ कुणीच थांबलं नाही, अक्का. मी स्वतःसुद्धा नाही.

पण म्हणून माझं मन ठिकाणावर आलं, असं समजू नकोस. दोन माग आले असते तर काय झालं असतं, हे मी अजूनही रोज रंगवतो. त्यांचा आवाजसुद्धा ऐकतो. खोली ठेवायची ती देवासाठी की तुझ्या धाकाने, तेही मला कळलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल. तोवर उठबस चालू आहे.

काल दुपारी तो माग विकणारा स्वतःच आला, पूर्ण्याहून सायकल मारत. दारातून खड्डे बघितले आणि खूश झाला. म्हणाला, तयारी तर केलीय तू, परवा टेम्पो लावू काय?

मी म्हणालो, खोली रिकामी नाही.

त्याने आत डोकावून बघितलं. भिंतीशी गुंडाळलेल्या चटया, एक उशी, बाकी काही नाही. "कोन ऱ्हातं हितं?"

"बहीण," मी म्हणालो.

तो गोरामोरा झाला. तुझी बातमी त्याला लागलेली होती. मलाही मग कळलं मी काय म्हणालो ते. म्हटलं, तसं नव्हे, रविवारी माणसं येतात. उपासना असते इथे.

"बाई तं गेली. आता घेतं कोन ती?"

मागच्या खोलीत माग चालू होता, अक्का. त्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

"मी घेतो."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो मला बरीच वर्षं ओळखतो. "तुला जमतं काय ते?"

"नाही जमत," मी म्हणालो. "पण घेतो."